थिन क्लायंटची सिस्टम माहिती काढली की सर्व्हरचीच दिसते, दर वेळचा हा घोळ

परत तेच झालं म्हणून आता सविस्तर लिहून ठेवतोय. मी एका पतसंस्थेच्या शाखांमधली कॉम्प्युटरची कामं बघतो, जवळपास सगळ्या काउंटरवर थिन क्लायंट आहेत, म्हणजे मॉनिटरच्या मागे चिकटवलेला छोटा डबा, आणि सगळं काम मुख्य शाखेतल्या सर्व्हरवर चालतं. एका शाखेतून कॅशियर ताईंचा फोन आला की दोन नंबरचा डबा दुपारनंतर अडकतो, माउस हलतो पण क्लिक घेत नाही. मी म्हटलं ताई जरा कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि सिस्टमइन्फो टाईप करून मला मॉडेल आणि रॅम वाचून दाखवा. त्यांनी अगदी नीट वाचलं, "दादा, रॅम ६४ जीबी दाखवतंय, मॉडेलसमोर व्हर्च्युअल मशीन लिहिलंय."

एवढ्याशा डब्यात ६४ जीबी रॅम नसते. त्या वेळी मी लगेच ओळखलं म्हणून बरं, कारण त्याच्या आधी एकदा असाच नंबर शाखेतून परस्पर सर्व्हिसवाल्यांना दिला गेला होता, त्यांनी दोन दिवसांनी कळवलं की असा सिरीयल नंबर आमच्याकडे नाहीच, आणि ते दोन्ही दिवस काउंटर बंद, पिग्मी एजंटांची संध्याकाळची रांग एकाच खिडकीवर. काम अडतं ते माणसांचं, म्हणून हे गंभीरपणे घ्या.

तर मूळ गोष्ट अशी. थिन क्लायंटवर तुम्हाला जो डेस्कटॉप दिसतो तो बहुतेक वेळा त्या डब्याचा नसतोच. डबा फक्त सर्व्हरवरचं चित्र आणतो आणि तुमचे कीबोर्ड माउस तिकडे पोचवतो. तुम्ही त्या डेस्कटॉपवर काहीही चालवा, सिस्टमइन्फो, एमएसइन्फो, टास्क मॅनेजर, कंट्रोल पॅनल, ते चालतं सर्व्हरवर आणि उत्तरही सर्व्हरचंच देतं. त्यात विंडोज डब्यांवर अजून एक भानगड, रिमोट डेस्कटॉप, म्हणजे सर्व्हरचा डेस्कटॉप आणून दाखवणारा प्रोग्राम, फुल स्क्रीन असला की विंडोज की आणि आर दाबलं तरी ते डब्याला कळत नाही, डिफॉल्ट सेटिंगप्रमाणे ते थेट सेशनमधे, म्हणजे सर्व्हरवर उघडलेल्या तुमच्या डेस्कटॉपमधे जातं. त्यामुळे माणूस सगळं बरोबर करतो आणि तरी चुकीच्या मशीनची माहिती हातात पडते. शाखेतल्या लोकांना यात दोष देऊ नका, त्यांना दोन मशीन आहेत हेच कोणी कधी सांगितलेलं नसतं.

आधी ठरवायचं की समोर कोणाची माहिती आहे. माझी पहिली खूण रॅम. उदाहरणार्थ डेल वाईस ३०४० मधे २ जीबी रॅम आणि ८ जीबी फ्लॅश, म्हणजे फाईली साठवायची जागा, मिळते, बाकी डबे साधारण ४ ते ८ जीबी रॅमवाले. आकडा ३२, ६४, १२८ असा आला की तो सर्व्हर. दुसरी खूण, विनव्हर टाईप करा, खिडकीत विंडोज सर्व्हर असं लिहिलेलं आलं तर विषय संपला, डब्यावर सर्व्हर आवृत्ती कोणी टाकत नाही. तिसरी, मॉडेलच्या जागी व्हर्च्युअल मशीन किंवा व्हीएमवेअर शब्द दिसला, किंवा सिरीयल नंबरच व्हीएमवेअर पासून सुरू झाला, तर ते आभासी, म्हणजे मोठ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेल्या, सर्व्हरचं उत्तर आहे, डब्याच्या बुडाला चिकटवलेल्या लेबलशी त्याचा काही संबंध नाही. आणि सगळ्यात खात्रीची पण जरा जपून करायची खूण म्हणजे नेटवर्कची वायर एका क्षणासाठी काढणे, डेस्कटॉप गोठला आणि परत जोडतोय असा मेसेज आला तर तुम्ही सेशनमधे होतात. ही शेवटची युक्ती व्यवहार अर्धवट असताना अजिबात करू नका, व्हाउचर सेव्ह झालंय हे विचारून मगच.

आता डब्याची स्वतःची माहिती कशी काढायची ते. यात डब्यावर काय बसवलंय त्यावर सगळं अवलंबून आहे. कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाईप करताना अर्थातच इंग्रजीत करायच्या.

विंडोजवाला डबा असेल तर आधी सेशनमधून बाहेर या. फुल स्क्रीनमधून सुटायला कंट्रोल ऑल्ट ब्रेक दाबा, खिडकी लहान होते आणि मागे डब्याचा स्वतःचा डेस्कटॉप दिसतो. कंट्रोल ऑल्ट डिलीट पण डब्याकडेच जातं, सर्व्हरवर तेच हवं असेल तर कंट्रोल ऑल्ट एंड, हा फरक एकदा लक्षात ठेवला की फोनवर समजावणं खूप सोपं होतं. मग डब्याच्या डेस्कटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून सिस्टमइन्फो, आणि नेटवर्कसाठी आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल. सिस्टमइन्फो मॉडेल, बायोस (डबा सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम), रॅम, शेवटचं बूट कधी झालं ते सगळं देतं पण सिरीयल नंबर देत नाही, त्यासाठी डब्ल्यूएमआयसी बायोस गेट सिरीयलनंबर. नवीन विंडोज ११ वर डब्ल्यूएमआयसी आता आपसूक मिळत नाही, तिथे पॉवरशेलमधे गेट-सिमइन्स्टन्स विन३२ अंडरस्कोर बायोस चालवा, तेच उत्तर येतं. काही स्वस्तातल्या बिनब्रँडच्या डब्यांवर सिरीयलच्या जागी "टू बी फिल्ड बाय ओईएम" असं वाक्य येतं, म्हणजे बनवणाऱ्याने ती जागा भरलीच नाही, तिथे डब्यावरचं लेबल हाच एकमेव आधार.

बऱ्याच ठिकाणी डबा आपोआप साध्या युजरने लॉगिन होतो आणि त्याला कमांड प्रॉम्प्ट बंद केलेला असतो. तेव्हा शिफ्ट दाबून धरून लॉग ऑफ करा, ऑटो लॉगिन टळतं आणि अ‍ॅडमिनचं नाव टाकायला मिळतं. शिफ्ट लवकर सोडली तर परत साधा युजर आत जातो, त्यामुळे लॉगिनची पाटी दिसेपर्यंत बोट उचलायचं नाही.

थिनओएसवर, म्हणजे विंडोजऐवजी डब्यात असलेल्या वाईसच्या स्वतःच्या सिस्टमवर, प्रकार वेगळा, तिथे विंडोजसारखा कमांड प्रॉम्प्टच नाही. मेनूत सिस्टम इन्फर्मेशन नावाची खिडकी आहे, तीच तुमची सगळी माहिती. आठव्या आवृत्तीत पहिल्या टॅबवर फर्मवेअरची, म्हणजे डब्यातल्या मूळ सॉफ्टवेअरची, आवृत्ती, सिरीयल नंबर, एकूण आणि मोकळी मेमरी, टर्मिनलचं नाव असं सगळं एकत्र मिळतं, नेटवर्कचा टॅब वेगळा. पण मला विचाराल तर तिथला इव्हेंट लॉगचा टॅब सोन्याचा आहे. डीएचसीपीने, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेने, आयपी कधी दिला, सर्व्हर सापडला की नाही, सेटिंगची फाईल मिळाली की नाही हे तिथे ओळीने लिहिलेलं असतं, आणि शाखेतून फक्त त्या एका टॅबचा मोबाईलने काढलेला फोटो मागवला तरी निम्मे कॉल जागेवर सुटतात. आणखी एक सोय, थिनओएसवाल्या डब्याचं मूळ नाव डब्ल्यूटी आणि पुढे मॅक अ‍ॅड्रेस असं असतं, म्हणजे नाव कोणी बदललं नसेल तर नावातच मॅक, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर, मिळून जातो.

एचपीच्या थिनप्रो या सिस्टमवर पण सिस्टम इन्फर्मेशन असंच नाव आहे, त्यात जनरल, नेटवर्क, नेट टूल्स, सॉफ्टवेअर आणि सिस्टम लॉग्स असे टॅब. पिंग आणि ट्रेस नेट टूल्समधूनच करता येतं. खोलात जायचं असेल तर अ‍ॅडमिन मोडमधे जाऊन टर्मिनल उघडा, ते आतून लिनक्सच आहे, एलएससीपीयू, फ्री डॅश एच, डीएफ डॅश एच, आयपी ए या नेहमीच्या कमांड चालतात. सिरीयलसाठी डीएमआयडीकोड, त्याला रूटचा, म्हणजे लिनक्समधल्या मुख्य युजरचा, अधिकार लागतो.

झिरो क्लायंट, म्हणजे एनकॉम्प्युटिंगच्या एल३०० सारखे डबे शाळांच्या लॅबमधे बरेच दिसतात, तिथे रॅम किती प्रोसेसर कुठला हा प्रश्नच सोडून द्या. सर्व्हरला जोडायच्या आधी डब्याची स्वतःची जी स्क्रीन येते तिथे आयपी, मॅक आणि फर्मवेअर दिसतो, कामाचं तेवढंच. शाळेत एलटीएसपी, म्हणजे लिनक्स सर्व्हरवरून डबे चालवायची सोय, असेल तर बघा कुठल्या पद्धतीचं आहे, जुन्या पद्धतीत विद्यार्थ्याच्या टर्मिनलवर फ्री कमांड दिली तर सर्व्हरची मेमरी दिसते, नव्या पद्धतीत डबा नेटवर्कवरून बूट होतो पण सगळं स्वतःच्याच रॅममधे चालवतो, म्हणून उत्तर त्याचं स्वतःचं येतं. कमांड तीच, डेस्कटॉपही तसाच दिसतो, आणि उत्तर मात्र दोन वेगळ्या मशीनचं.

आता उलटी बाजू, तुम्ही मुख्य शाखेत बसलाय आणि सर्व्हरवरून कळायला हवंय की कुठला युजर कुठल्या डब्यावर आहे. सेशनच्या आत कमांड प्रॉम्प्टमधे सेट क्लायंटनेम टाईप करा, डब्याचं नाव येतं. फक्त एक काळजी, समजा ताईंनी एक नंबरवर सेशन तसंच सोडलं आणि दोन नंबरवर जाऊन परत जोडलं, तर आधीपासून उघड्या असलेल्या खिडकीत जुनंच नाव राहतं. त्यापेक्षा सर्व्हरच्या टास्क मॅनेजरमधे युजर्स टॅबवर जा, वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून क्लायंट नेमचा कॉलम चालू करा. आणि कधी कुठून कोण जोडलं गेलं याचा इतिहास हवा असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमधे टर्मिनल सर्व्हिसेस लोकल सेशन मॅनेजरचा ऑपरेशनल लॉग, २१ नंबर म्हणजे लॉगिन, २४ म्हणजे तुटलं, २५ म्हणजे परत जोडलं, सोबत आयपी पण असतो. आमच्या निम्म्या भांडणांचा निकाल या तीन आकड्यांनी लागलाय, कोण म्हणतं सर्व्हर पडला कोण म्हणतं लाईन गेली, लॉग उघडला की दिसतं की एकाच डब्याचे २४ आणि २५ दर पाच मिनिटांनी येतायत आणि बाकी सगळे शांत, म्हणजे त्या एकाच टेबलाची वायर.

याच नावांवरून आम्ही आठवडाभर फिरत होतो ते सांगतो, कारण हे पटकन कोणाला सुचत नाही. एका शाखेत डब्यांची नावं ठेवली होती शाखा-काउंटर-०१, ०२, ०३, इंग्रजी अक्षरांत. डब्यावर जाऊन बघितलं तर तिन्ही नावं वेगळी, बरोबर. सर्व्हरवर बघितलं तर तिन्ही एकच, आणि ०१ ला पाठवलेली पासबुकची प्रिंट ०३ च्या प्रिंटरवर. डबे बदलून बघितले, डब्यातली पूर्ण सिस्टम (इमेज) परत टाकली, काही फरक नाही. शेवटी बसून अक्षरं मोजली. रिमोट डेस्कटॉपमधे क्लायंटचं नाव फक्त १५ अक्षरांचं जातं. एस एच ए के एच ए ही सहा, एक डॅश, काउंटरची सात, अजून एक डॅश, झाली १५, आणि पुढचे जे दोन आकडे सगळा फरक करत होते ते सोळावं आणि सतरावं अक्षर, म्हणजे सर्व्हरपर्यंत ते कधी पोचलेच नाहीत. नाव उलटं केलं, आकडा आधी आणि शाखेचं नाव नंतर, त्या दिवसापासून प्रिंट जागेवर. तेव्हा नाव ठेवताना बोटांवर मोजा, आणि वेगळेपणा सांगणारा भाग कायम पुढे ठेवा.

दुसरी वारंवार येणारी तक्रार, नाव बदललं, आयपी बदलला, सिस्टम माहितीत नवीन दिसलं, दुसऱ्या दिवशी परत जुनं. हे विंडोज डब्यांवरच्या राइट फिल्टरमुळे. फ्लॅश खराब होऊ नये आणि कोणी काही बिघडवू नये म्हणून डब्यावर होणारं सगळं लिखाण रॅममधल्या एका थरात जातं आणि रिस्टार्ट केलं की तो थर पुसला जातो. विंडोज १० आयओटीवर याला युनिफाईड राइट फिल्टर म्हणतात. अ‍ॅडमिनच्या प्रॉम्प्टवर यूडब्ल्यूएफएमजीआर गेट-कॉन्फिग चालवा, आत्ताच्या सेशनला फिल्टर चालू आहे का आणि पुढच्या बूटला काय असेल दोन्ही वेगवेगळं दाखवतं. बदल टिकवायचा असेल तर क्रम असा, फिल्टर डिसेबल, रिस्टार्ट, मग बदल, परत फिल्टर एनेबल, परत रिस्टार्ट. शेवटचं एनेबल करायचं घाईत राहून जातं आणि दोन महिन्यांनी त्या डब्याची फ्लॅश भरलेली सापडते, म्हणून ते झाल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही.

आणि आता ताईंचा दोन नंबरचा डबा. तो दुपारनंतर अडकायचं कारणही इथेच निघालं. सी ड्राईव्हवर मोकळी जागा भरपूर दिसत होती म्हणून आधी कोणी तिकडे बघितलंच नाही, पण फिल्टर चालू असताना तो आकडा खरी अडचण सांगत नाही. खरी मर्यादा त्या रॅममधल्या थराची, मुळात तो १०२४ एमबी असतो आणि ५१२ ला इशारा मिळतो. यूडब्ल्यूएफएमजीआर ओव्हरले गेट-कन्झम्प्शन म्हटलं की किती भरलाय ते येतं, गेट-अव्हेलेबलस्पेस म्हटलं की किती उरलाय ते. मी त्यांना सकाळी साडेदहाला एकदा आणि दुपारी दोनला एकदा आकडा वाचून सांगायला लावलं. सकाळी दोनशेच्या आत, दुपारी नऊशेच्या वर. त्या डब्यावर ब्राउझर स्थानिक चालू ठेवलेला होता, वीजबिलाच्या पोर्टलसाठी, दिवसभर त्याचा कॅश थरात साठत होता. ब्राउझर सर्व्हरच्या सेशनमधून चालवायला दिला आणि प्रश्न तिथेच संपला, काही बदलावं लागलं नाही, नवीन डब्याचं कोटेशन मागवलं होतं ते रद्द केलं.

डबे डोमेनमधे, म्हणजे एका सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या विंडोज मशीनच्या गटात, असतील तर अजून एक, मशीनचा डोमेनशी ठरलेला पासवर्ड डिफॉल्टने ३० दिवसांनी बदलतो आणि फिल्टर तो बदल पुसून टाकतो, मग डोमेनशी असलेला ट्रस्ट, म्हणजे ओळख, तुटल्याचा मेसेज येतो. डोमेनच्या सिक्रेट कीला फिल्टरमधून वगळायची सोय आहे, ती करून घ्या.

तारीख वेळ हा भाग सिस्टम माहितीत सगळे नजरेआड करतात, कृपया करू नका. आमच्याकडे संध्याकाळी जाताना मेन स्विच खाली करायची पद्धत आहे, शनिवार रविवार तर पूर्ण बंद. आतला बटण सेल, बहुतेक वेळा सीआर२०३२, संपला असेल तर सोमवारी डबा भलत्याच वर्षात उठतो, मग सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे मुदत असलेलं ओळखपत्र, त्याला चुकीचं वाटतं आणि तो जोडायला नकार देतो. माणसाला वाटतं लाईन गेली. सोमवारचा पहिला फोन आला की मी आधी कोपऱ्यातली तारीख वाचायला सांगतो. तात्पुरतं हाताने तारीख लावा, टाइम सर्व्हरचा पत्ता भरलाय का बघा, आणि सेल बदला.

आवृत्ती पण लिहून ठेवा. विंडोज एम्बेडेड स्टँडर्ड ७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२० मधेच संपलाय, तरी असे डबे अजून काउंटरवर सापडतात, विनव्हरवर ७ दिसला की तो डबा बदलायच्या यादीत वर घाला, पैशांचे व्यवहार त्यावरून होतायत.

डबा चालूच होत नसेल तर स्क्रीनवरची कुठलीच माहिती मिळणार नाही. चालू होतो पण आत जात नाही असं असेल तर बायोस, एचपीला सुरुवातीलाच एफ१०, डेल वाईसच्या नव्या मॉडेलना एफ२, तिथे मॉडेल, सिरीयल, मेमरी आणि मॅक मिळून जातो आणि इथे मात्र सर्व्हरशी गल्लत व्हायचा प्रश्नच नाही. अजिबातच चालू होत नसेल तर लेबल. आणि अ‍ॅडॅप्टर बदलायच्या आधी लेबलवरचा व्होल्टेज वाचाच, वाईस ३०४० मधे ५ व्होल्टचा आणि १२ व्होल्टचा असे दोन प्रकार आहेत, बाहेरून डबा सारखाच. सिस्टम इन्फर्मेशनच्या भरवशावर हे ठरवू नका.

यावर आम्ही केलेला उपाय अगदी साधा आहे. प्रत्येक मॉनिटरच्या खालच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवली, त्यावर पक्क्या शाईने डब्याचं नाव, सिरीयल नंबर, मॅक आणि अ‍ॅडॅप्टरचा व्होल्टेज. एका शाखेला सहा काउंटर, चहा धरून पाऊण तास लागला. आता फोन आला की मी सिस्टमइन्फो काढायला सांगतच नाही, म्हणतो ताई पट्टीवरचं वाचा, आणि मग फक्त बदलणाऱ्या गोष्टी विचारतो, आयपी काय आलाय, तारीख काय दाखवतंय, थर किती भरलाय.